आडव्या रेघेचा सात

जगातल्या सर्वांत मोठ्या चोऱ्या आयांनी केल्या आहेत, याबद्दल दुलूथमधल्या साठी ओलांडलेल्या पुरुषांत मतभेद नाही. कोणालाही विचारा. लहानपणी त्याच्याकडे बेसबॉल कार्डांनी भरलेला बुटांचा खोका होता. तो लष्करात गेला किंवा कॉलेजात गेला, आणि मागे आईने खोका फेकून दिला. या कथेत खोका नेहमी काठोकाठ भरलेला असतो, कार्डे नेहमी कोरी करकरीत असतात आणि आई नेहमी अडाणी असते. आरोपीची साक्ष कुठेच नोंदलेली नसते, कारण कथा रंगात येईपर्यंत आरोपी बहुधा मेलेली असते.

रोझी झालारने तेहेतीस वर्षे जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात फाटके कागद सांधण्यात घालवली होती. एकाच मजकुराच्या शंभर प्रती शब्दाला शब्द जुळल्या की तिला सत्याचा नव्हे, नकलेचा वास येई. तिच्या थोरल्या भावाची, विन्सची कथा तर स्वतःशीसुद्धा जुळत नव्हती. १९८१ साली, कार्डांचे भाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात आले तेव्हा, आईने खोका वसंतातल्या साफसफाईत काढून टाकला होता. नव्वदच्या सुमारास तोच खोका तिने अंगणातल्या पिंपात जाळला. दोन हजार साल उजाडेपर्यंत ती तो चर्चच्या जुन्या बाजारात देऊन मोकळी झाली होती. इतके पाठभेद एखाद्या पोथीत सापडले असते तर रोझीने मूळ संहितेबद्दलच शंका घेतली असती. पण ही पोथी नव्हती, भावाचा विनोद होता. आणि विनोदाला पुरावा मागणाऱ्या बाईला लोक खडूस म्हणतात.

आता तो विनोद भिंतीवर लागणार होता. कार्डसंग्राहकांच्या क्लबने मार्चमध्ये सार्वजनिक वाचनालयात प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. काचेच्या कपाटात मानाची पाच कार्डे, आणि दाराशी पुरुषभर उंचीचा फलक: ‘मार्जेटा झालारने केरात टाकलेला खजिना.’ वर आईचा फोटो. फलक सोमवारी छपाईला जायचा होता. त्या वाचनालयातून मार्जेटा झालारने चाळीस वर्षे दर शनिवारी पुस्तके नेली होती, एकही उशिरा परत न करता. दारातून आत शिरणारे प्रत्येक पोर आता तिच्याकडे बोट दाखवून हसणार होते.

“मला पटत नाही,” रोझी भावाला फोनवर म्हणाली होती.

“काय पटत नाही? अगं, लोकांना तीच गोष्ट आवडते. प्रत्येकाला आपली आई आठवते.”

“तिने टाकला हे तू पाहिलंस?”

“मी कुठे होतो तेव्हा? मी लष्करात होतो ना! खोका होता, मी गेलो, खोका नव्हता. तुला आणखी काय पाहिजे, बोटांचे ठसे?”

फोटो देण्याचे काम रोझीकडे आले. आईचा एकच चांगला फोटो होता: १९५८च्या ऑगस्टमध्ये, विन्स लष्करात निघाला त्या दिवशी बसथांब्यावर काढलेला. डोक्याला रुमाल बांधलेली आई, आणि शेजारी काळ्या चामडी जॅकेटातला अठरा वर्षांचा विन्स. विन्सने तो पाहिला आणि म्हणाला, “मला कापून टाका. आई एकटीच ठेवा.” साठ वर्षांत हा माणूस कुठल्याही फोटोतून आपणहून बाहेर पडल्याचे रोझीला आठवत नव्हते. तिने फोटो कापला नाही. पिशवीत ठेवला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी क्लब नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात जमला. क्लबचे सभासद आठ पुरुष, आणि नववी रोझी, जिला चिटणीस म्हणत. म्हणजे कॉफी ठेवणे, वही लिहिणे आणि मत न देणे. त्या दिवशी दहावी खुर्चीही होती. क्लबचा जुना सभासद रसेल आम्डाल ऑक्टोबरात वारला होता, आणि त्याची बायको इनेझ जाडजूड कोटाची बटणेही न सोडता टेबलाच्या टोकाशी बसली होती. तिने हातपिशवीतून टणक प्लास्टिकच्या पाकिटातले एक कार्ड काढून अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवले.

अध्यक्ष आर्विड हाउगेन जन्मभर लोहखनिजाच्या बोटींवर इंजिने सांभाळून आलेला माणूस. तो सहसा कशाने हलत नसे. तो उठून उभा राहिला.

निळे आकाश, पिवळी बॅट, वर पाहणारा तरुण बेसबॉलवीर मँटल. १९५२चे.

“हे रसेलकडे होतं?”

“कपाटात, लोकरी मोज्यांच्या खाली,” इनेझ म्हणाली. “मला म्हणाला होता, मी गेल्यावर क्लबला दाखव. आधी नाही. कोणाला तरी शब्द दिलाय म्हणायचा.”

“वीस वर्षं हा माणूस या खुर्चीत बसला,” आर्विड म्हणाला, “वीस वर्षं आम्ही या कार्डावरून एकमेकांचे गळे धरले, आणि हा मोजे घालून गप्प?”

क्लबचा एक जुना नियम होता: पाठ शेवटी. वादाला आलेल्या कार्डाचा फक्त चेहरा दाखवायचा. कार्ड मानाचे ठरते ते चेहऱ्यावर. पाठीवर आकडे, डाग आणि जुन्या मालकांची पापे असतात, ती मत झाल्यावर पाहायची. त्याप्रमाणे आर्विडने पाकिटाच्या मागे तपकिरी कागद चिकटवला आणि कार्ड लाकडी घोडीवर उभे केले. इनेझखेरीज कोणी त्याची पाठ पाहिली नाही.

रोझी कपात कॉफी ओतत होती. रसेल तिच्या लहानपणी रोज त्यांच्या मागच्या दाराने आत येई. आईच्या पोतित्साचा, अक्रोडाच्या गोड पावाचा, शेवटचा तुकडा त्याच्यासाठी राखलेला असे. विन्सचा खोका कुठे असतो हे विन्सखालोखाल त्यालाच ठाऊक होते. आणि आता हे कार्ड: वीस वर्षे लपवलेले, मेल्यावर दाखवायचे. रोझीने कप खाली ठेवला. रसेल, तू? ज्या बाईने तुला खाऊ घातले तिच्या घरातून? आणि दरवर्षी तिच्या नावाने हशा पिकायचा तेव्हा तू मान खाली घालून पाव खात बसायचास, ते याच्यासाठी?

मानाच्या पाच कार्डांत पहिले कोणते, या वादाला बाकीचे लागले होते.

“ग्रिफी,” टोबी लाक्सो म्हणाला. तो पस्तिशीचा, क्लबमधला सर्वांत तरुण. “एकोणनव्वदचं कार्ड. माझ्या वयाच्या प्रत्येक पोराने ते पाकीट फोडताना देवाचं नाव घेतलंय.”

“टोबी, त्याच्या इतक्या प्रती आहेत की तुझ्या घराच्या भिंती मढवून कुत्र्याच्या खोपटाला उरतील.”

“मग वॅग्नर? सिगारेटच्या पाकिटातलं ते जुनं कार्ड तर कोणी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही!”

“देवही कोणी पाहिलेला नाही,” आर्विड म्हणाला, “तरी आपण त्याच्याच तळघरात बसलोय ना? दुर्मिळ म्हणजे वॅग्नर, मान्य. पण शेंबड्या पोराला झोपेत उठवून विचार, कार्ड म्हटल्यावर काय दिसतं? निळं आकाश दिसतं.”

“ते मँटलचं पहिलं कार्डही नव्हे. पहिलं एक्कावन्नचं.”

“पहिलं कोण लक्षात ठेवतो? लोक तुझ्या बायकोला ओळखतात की तुझ्या पहिल्या बायकोला?”

हशा चालू असतानाच दार उघडले आणि बुटांवरचा बर्फ आपटत विन्स आत आला. “उशीर झाला, गाडी सुरूच होईना,” म्हणत त्याने टोपी काढली, पावाच्या ताटाकडे वळला आणि वळतावळता त्याला घोडीवरचे कार्ड दिसले.

हात ताटावरच राहिला.

“इनेझने आणलंय,” आर्विड म्हणाला. “रसेलचं. बस, विन्स. तुझ्याच बाजूचं काम आहे आज. आम्ही मँटलला पहिल्या नंबरवर बसवतोय.”

पंचवीस वर्षे विन्स झालारने या टेबलाभोवती मँटलखेरीज दुसऱ्या कार्डाची बाजू घेतली नव्हती. त्याचे भाषण सगळ्यांना पाठ होते: ऑक्टोबरात, बर्फाच्या तोंडावर दुकानात आलेली शेवटची खेप, बारा वर्षांचा विन्स, निळे आकाश, आणि मग आई, खोका, केर. रोझीने वही उघडली. भाषण येईना.

“वॅग्नर,” विन्स म्हणाला.

“काय?”

“मला विचाराल तर पहिला मान वॅग्नरचा. मँटल आता फार झाला. जिकडेतिकडे मँटल. टपालपेट्यांवर लावतील उद्या.”

“ताप आहे का तुला?” टोबीने विचारले.

“माणूस मत बदलू शकतो.”

“माणूस बदलू शकतो,” आर्विड म्हणाला. “तू नाही. गेल्या वर्षी वॅग्नरला ‘तंबाखूच्या डबीतला भुरटा’ म्हणालास, वहीत आहे. रोझी, आहे ना?”

“पान एक्केचाळीस,” रोझी म्हणाली. तिने मान वर केली नाही. लेखणीच्या टोकावरून भावाचे हात पाहत राहिली. ते टोपी पिळत होते.

तिचा संशय आता जागा बदलू लागला, तोही नीट पायऱ्या मोजत. रसेलने चोरले असते तर विन्सने आतापर्यंत छप्पर डोक्यावर घेतले असते: माझ्या खोक्यातले कार्ड! पंचवीस वर्षे ज्याच्यासाठी गळा काढला ते समोर उभे आहे, आणि याला ते ओळखायचेसुद्धा नाही. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस तिच्याकडे धावतो. हा मागे सरत होता.

“आणि हे कार्ड तर नकोच,” विन्स म्हणाला. “वाचनालयात ठेवायचं तर कार्ड स्वच्छ पाहिजे. पेन्सिलीने लिहिलेलं रबराने खोडलंय, कागदाचा तुकतुकीतपणा गेलाय. असलं ठेवलं तर पोरंसुद्धा हसतील आपल्याला.”

कोणाच्या काही लक्षात आले नाही. टोबी पाव चावत होता. आर्विड चष्मा पुसत होता. रोझीने लेखणी खाली ठेवली आणि दफ्तरखान्यात नवशिक्या उमेदवाराला विचारावे तशा मवाळ आवाजात विचारले:

“कुठे रे खोडलंय?”

“खाली. डाव्या कोपऱ्यात,” विन्स म्हणाला. संग्राहकाला कार्डाचा दोष विचारला की उत्तर जिभेवर आधी येते, अक्कल मागून. ती मागून आली तेव्हा त्याने तोंड मिटले.

“पाठीवर?”

विन्स पावाच्या ताटाकडे वळला.

“कागद मी चिकटवलाय,” आर्विड सावकाश म्हणाला. “तू यायच्या आधी. विन्स, पाठ कोणीच पाहिलेली नाही.”

“अंदाज केला. त्या काळची सगळीच कार्डं तशी असतात.”

“अंदाजाला डावा-उजवा कोपरा नसतो,” रोझी म्हणाली. “आर्विड, मतदानाआधी नियम मोडायची परवानगी द्या.”

आर्विडने कागद सोडवला. रोझीने पिशवीतून छोटी विजेरी काढली, तीच, जिच्या उजेडात तिने गेल्या शतकातले शेतसारे आणि मृत्युपत्रे वाचली होती. कार्ड पाकिटातून काढून, पालथे ठेवून तिने उजेड टेबलाच्या पातळीवरून तिरपा सोडला. शिसे पुसले जाते; दाबलेल्या पेन्सिलीने पुठ्ठ्यात पाडलेली चरी पुसली जात नाही. सपाट उजेडात जिथे नुसता फिकट डाग होता तिथे दोन आकडे सावल्यांनी उभे राहिले.

सत्तावीस. आणि साताच्या पोटातून आडवी रेघ.

“असा सात कोण काढतं?” टोबीने वाकून विचारले.

“आमची आई,” रोझी म्हणाली. “सगळा स्लोव्हेनिया असाच काढतो. तिने मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवला. शाळेत बाईंनी त्यावर पट्टी मारली, तरी मी सोडला नाही. मी आठ वर्षांची होते. विन्सचं अक्षर कोंबडीसारखं, म्हणून त्याच्या कार्डांवर नंबर मीच घालायची. एक ते सहाशे बारा. हे सत्तावीस.”

“म्हणजे हे विन्सच्या खोक्यातलं?” आर्विडने इनेझकडे पाहिले, आणि सात जणांनी पाहिले.

“माझ्या रसेलने चोरी नाही केली,” ती म्हणाली. “हो, वाटेल तसं बघू नका माझ्याकडे! त्याने ते बदल्यात घेतलं होतं. कोणाकडून ते सांगायचा नाही, पण बदल्यात काय दिलं ते शंभरदा सांगायचा. ‘इनेझ, त्या अख्ख्या खोक्यासाठी मी माझं जॅकेट काढून दिलं, आणि तो हिवाळा मी वडिलांच्या कोटात काढला.’ आणि खोडलं त्याने नाही. ज्याने दिलं त्यानेच खोडून दिलं म्हणे, बहिणीचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.”

“कसलं जॅकेट?” आर्विडने विचारले.

“काळं. चामड्याचं.”

रोझीने पिशवीतून फोटो काढून कार्डाशेजारी ठेवला. बसथांबा, रुमाल बांधलेली आई, जॅकेटातला विन्स. हा फोटो तीस वर्षे आईच्या आरशापाशी उभा होता. जॅकेटाचे अस्तर उसवले होते ते तिने आदल्या रात्री शिवून दिले होते. विन्सने तिला सांगितले होते की गोदीवर कमावलेल्या पैशांतून घेतले. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा बाईने स्वतःच्या हातांनी टाचला, चौकटीत बसवला, दर शनिवारी पुसला, आणि तो काय आहे हे न कळता मेली.

“डोळे फाडून बघताय काय सगळे?” विन्स म्हणाला. आवाज चढला आणि मध्येच बसला. “अठरा वर्षांचा होतो. अठ्ठावन्न साली त्या कार्डांना काय किंमत होती? पोरं सायकलच्या चाकात लावायची. जॅकेट मिळालं, मी खूश, रसेल खूश.”

“मग आई कुठून आली यात?” रोझीने विचारले.

“अगं, एक्क्याऐंशी साली भाव आले पेपरात. सगळे विचारायला लागले, विन्स, तुझा तो खोका कुठाय? सहाशे कार्डं एका जॅकेटापायी दिली म्हणून सांगू? गाढव म्हणाले असते. सगळ्यांच्याच आया टाकतात, म्हटलं आपलीही. गंमत म्हणून. रसेलला म्हटलं, तू बोलू नकोस. आईही हसली होती, रोझी. तू होतीस टेबलाशी.”

“टेबलाशी हसली,” रोझी म्हणाली. “पाहुणे गेल्यावर ती माळ्यावर चढली. सत्तरीची बाई, हातात विजेरी. तीन दिवस शोधत होती. तिला वाटलं, तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा आपणच भिजका खोका टाकला असेल, आणि आपल्याला आठवत नाही. तिने तुझी माफी मागितली, विन्स. इस्टरला. तू काय म्हणालास?”

विन्सने टोपीकडे पाहिले.

“‘जाऊ दे, आई, झालं ते झालं,’ म्हणालास. माफ केलंस तिला.”

उरलेले रोझीने कोणाला सांगितले नाही. ते तिचे स्वतःचे होते. एकोणनव्वद साली इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, आईने तिचे मनगट धरून विचारले होते: “रोझी, मी टाकला का गं तो खोका?” आणि रोझी, जिने जन्मभर पुराव्याशिवाय एक तारीख मान्य केली नाही, तिने उशी सारखी करत म्हटले होते, “आता कशाला तो विषय, आई.” ‘नाही’ म्हणाली नव्हती. भावाचा विनोद तिनेही खरा धरला होता. आया असे करतात, हे तिनेही कुठेतरी शंभर वेळा ऐकले होते.

“फलक बदलू या,” विन्स खालच्या आवाजात म्हणाला. “आईचं नाव काढू. साधं काहीतरी लिहू. हे इथल्या इथे राहू दे, काय? आर्विड?”

आर्विड उत्तर देण्याआधी रोझीने वही पुढे ओढली. क्लबचा आणखी एक नियम होता, आणि तो विन्सनेच आणला होता, एका बनावट कार्डाच्या भानगडीनंतर: प्रत्येक कार्डाचा मागचा प्रवास वहीत लिहायचा, सभेत मोठ्याने वाचायचा, हात वर करून मंजूर करायचा, आणि मंजूर झालेली नोंद, एक शब्द न बदलता, कार्डाखालच्या पाटीवर जाते. तिने लिहायला दहा मिनिटे घेतली. टोबीने तेवढ्यात इनेझला पावाचा तुकडा नेऊन दिला.

मग ती उभी राहिली आणि वाचू लागली.

“‘मँटल, १९५२. पहिले मालक विन्सेंट झालार, दुलूथ. ऑगस्ट १९५८मध्ये त्यांनी हे कार्ड, अख्ख्या खोक्यासह, रसेल आम्डाल यांना एका चामडी जॅकेटाच्या बदल्यात स्वतःच्या हाताने दिले. पाठीवरचा नंबर मालकांनीच खोडला. मालकांच्या आई मार्जेटा झालार यांनी हा खोका टाकला नाही, जाळला नाही, कोणाला दिला नाही. उलट सांगण्यात आलेल्या सर्व कथा खोट्या आहेत. मार्जेटा झालार यांनी कधीही काहीही टाकले नाही.’”

“शेवटचं वाक्य कार्डाच्या प्रवासात बसत नाही,” एका सभासदाने चाचरत म्हटले.

“बसतं,” आर्विड म्हणाला. “मतदान. प्रथम कार्ड.”

मँटलला पहिला मान मिळाला. त्यावर आता वाद उरला नव्हता.

“नोंद मंजूर असणारे?”

टोबीचा हात आधी वर गेला, मग आर्विडचा, मग एकेक करून इतरांचे. इनेझला मत नव्हते, तरी तिने कोटाच्या बाहीतून हात अर्धा वर केला आणि परत मांडीवर ठेवला. विन्सचे दोन्ही हात टोपीत होते. तो कार्डाकडे पाहत नव्हता, फोटोकडे पाहत होता.

“रोझी,” तो म्हणाला, “तिला त्या वाचनालयात सगळे ओळखायचे गं.”

“म्हणूनच,” रोझी म्हणाली.

तिने हात मोजले आणि वहीत लिहिले: विरोधात कोणी नाही. तटस्थ एक. बाजूने, आणि इथे तिने लेखणी इतकी दाबली की आकडा मागच्या पानावरही उमटला, साधा 7 नव्हे, तर शाळेत पट्टी खाऊनही न सोडलेला, पोटातून आडवी रेघ मारलेला सात.